आपलं फडकं नसलेलं पुस्तक

झेंडूच्या एका पाटीवरून व्यापाऱ्याशी तासभर भांडायचीस, पण ते पुस्तक कुणाचं हे एक वाक्य काही तुझ्या तोंडातून निघालं नाही. त्यापायी या वयात मी एसटीचे धक्के खाल्ले, भावाशी वाकडं घेतलं आणि शेवटी परक्याच्या ओट्यावर मान खाली घालून बसले. आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्यावर चिडायचंही मी सोडून दिलं होतं. आता पुन्हा सुरू केलंय.

पुस्तक म्हणजे ते गुरांच्या औषधांचं. विटकरी पुठ्ठ्याचं, पहिलं पानच नसलेलं, एकावर एक फडकी गुंडाळून गठुळं झालेलं. तू गेल्यावर वहिनीने तुझी पत्र्याची पेटी माझ्या दारात आणून ठेवली, तिच्यातून ते आलं आणि माझ्या फडताळात पडून राहिलं. यंदा नातीने त्याचा फोटो मोबाइलवरून कुणाला तरी पाठवला, आणि एका ग्रंथालयातली बाई घर शोधत आली. हात धुतले, कोरडे केले, आणि चहा निवला तरी पानं उलटत बसली. म्हणाली, "आजी, हे शिळाछाप आहे. आधी हाताने लिहायचे, ते दगडावर उतरवायचे आणि दगडावरून कागदावर छापायचे. मराठीत छपाई नवीनच आली होती, त्या वेळचं पुस्तक आहे." पाट्या-वरवंट्याखेरीज दगड मला माहीत नाही, तरी मी मान हलवली. ती म्हणाली, काचेच्या कपाटात ठेवू, वाळवी लागू देणार नाही, पण आधी ते कुणाकडून कुणाकडे आलं याचा माग लागला पाहिजे. जे ठरेल ते पुस्तकाखाली पाटीवर लिहायचं.

पाटी म्हटल्यावर मी सरळ बसले. त्या घरात तुझ्या नावावर काय होतं ते मला ठाऊक आहे. मळा आमच्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, बैल दादांचे, विहीर दादांची आणि काकांची. फुलं तू तोडायचीस, हार तू ओवायचीस, बाजारात डोक्यावरून पाटी तू न्यायचीस, आणि लोक म्हणायचे अमक्याचा झेंडू यंदा चांगला आला. तुझं म्हणून काय, तर ती पेटी, तिचंही कुलूप मोडकं. माझ्या मनात आलं, हे पुस्तक तू माहेराहून आणलं असशील तर एका तरी जागी तुझं नाव लागेल. चार माणसं वाकून वाचतील. माझी आई होतीस म्हणून नाही, राबलीस म्हणून.

भावाला कळलं तसा तो गाडी काढून आला. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी त्याला यायला जमलं नव्हतं. म्हणतो, "अक्का, ते दादांचं पुस्तक. बैल दादांचे, वाचायचे दादा. पाटीवर दादांचं नाव टाक." मी म्हटलं, दादांचं होतं तर आईच्या पेटीत काय करत होतं? तर म्हणे, पेटीसुद्धा दादांनीच आणून दिली होती. याच्या हिशेबाने तू श्वास घ्यायचीस तोही दादांचाच असणार.

मग मी माझी अक्कल चालवली. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. या पुस्तकाचंही तसंच होतं, हे दादांच्याच तोंडून लहानपणी ऐकलेलं. बैल दुखणाईत पडला की ज्याने न्यायचं त्याने न्यायचं, पण परत देताना त्यावर आपल्या घरचं एक फडकं बांधून द्यायचं. पुस्तक उघडं परत गेलं तर बैलाचं दुखणं पुन्हा मागे येतं म्हणायचे. मी बाईपुढे एकेक फडकं उलगडलं. धोतराचा तुकडा, जुन्या खणाचा तुकडा, पागोट्याची पट्टी, आणि सगळ्यात वर एक जाडंभरडं, तेलकट वासाचं. त्यातलं आपल्या घरचं एकही नव्हतं. तुझी लुगडी मला न बघता ओळखता येतील, त्यांच्याच गोधडीत मी वाढले. मी बाईला म्हटलं, फडकं बांधतो तो नेणारा, मालक कशाला बांधेल? आपलं फडकं यावर नाही, म्हणजे आपण मालक. बाईने ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. म्हणाली, आजी, हे मला सुचलंच नसतं. मी इतकी फुगले की ती गेल्यावर सुनेला दोनदा सांगितलं.

मालक आपणच ठरलो, आता ते तुझ्या माहेरचं एवढंच ठरवायचं होतं. नांदगावला गेले. मामी आहे अजून. ऐकू कमी येतं, बोलते जास्त. पुस्तक म्हटल्यावर हसायलाच लागली. "आमच्या घरात कुठलं गं पुस्तक? तुझा मामा सही अंगठ्याने करायचा." मी म्हटलं, नीट आठव, फडक्यात बांधलेलं. तिने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "ते होय. ते हरसूलच्या माणसाचं. तुझी आई एकदा इथं आली तेव्हा म्हणत होती, त्याचं पुस्तक द्यायचं राहिलंय." मी विचारलं, राहिलं म्हणजे काय, विसरली की ठेवून घेतलं? मामी म्हणाली, "मला काय ठाऊक? माझी तेव्हा डाळ करपत होती." बघ, तुझ्या आयुष्यातली एक गोष्ट तू एका माणसाला सांगितलीस, आणि तेही डाळ करपताना.

परतीच्या गाडीत मला तो माणूस आठवला. भातं काढून झाली की बायकोला घेऊन डोंगरातून खाली यायचा, आपल्या मळ्यात राबायचा. एका वर्षी आपल्या बैलाला खुरकूत झाली. तोंडाला फेस, पाय टेकवेना, वैरण तशीच पडलेली. दादा गोठ्यासमोर डोक्याला हात लावून बसलेत. तो उठून आपल्या गावाला जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घोंगडीत काहीतरी लपेटून आणतो. ओसरीवर दादा वाचतायत, एकेक शब्द जुळवत. तो माणूस उकिडवा बसून ऐकतोय. आणि तू आत पाट्यावर पाला वाटतेयस, हात कोपरापर्यंत हिरवे. मला तू सांगतेस, मध्ये येऊ नको, माशा वार. बैलाने पुन्हा वैरणीला तोंड लावलं तेव्हा तू त्या माणसाच्या बायकोला आपल्या हाताने वाढलंस आणि तिच्याबरोबर जेवलीस, हेही मला दिसतं. जाताना तो म्हणाला होता, दुसऱ्या बैलालाबी लागंल, असू द्या, मी येईन तवा नेईन. पुढच्या वर्षी तो आला नाही.

हे सगळं मला माहीत होतं, तरी मी ते पुस्तक आपलं धरून चालले, कारण तू ते आपलं असल्यासारखं वागवायचीस. पोळ्याला त्याला हळदकुंकू लावायचीस. एकदा मी ते चुलीपुढे पाट म्हणून बसायला घेतलं तर तू मला उलथन्याने मारलंस. मला वाटलं, माहेरची वस्तू, म्हणून जिवाला लागलं. आता वाटतं, स्वतःच्या वस्तूसाठी तू मला एवढं मारलं नसतंस.

हरसूलला मी बाजाराच्या दिवशी गेले, म्हणजे माणसं सापडतात. एका मिरचीवाल्याला विचारलं, त्याने थेट घरच दाखवलं. तो माणूस कधीच गेला. त्याची सून आहे, माझ्याच वयाची, दात माझ्यापेक्षा बरे. मी पुस्तकाचं नाव काढलं तशी म्हणाली, "फडक्यातलं बुक ना? म्हाताऱ्याच्या आज्याला गोऱ्या साहेबाच्या तळावरच्या कारकुनानं दिलेलं. घोडी बरी केली म्हून. म्हाताऱ्याचे गुडघे गेले, खाली उतरता येईना. बाजाराला नाशकाकडचं कोणी आलं का इचारायचा, माझं बुक आणलं का." हे ती रागाने बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती तांदूळ निवडत बोलत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमची आई आलती की एकदा."

मी विचारलं, पुस्तक घेऊन?

"नाय. मोकळ्या हातानं. बसली, पाणी प्याली, म्हाताऱ्याच्या पाया पडली, उठली. बुकाचं बोलली नाय. म्हाताऱ्यानं बी काढलं नाय. घरी आलेल्या पाव्हणीला कसं मागावं?"

नाशिकहून हरसूल म्हणजे तेव्हा काही शेजारचं घर नव्हतं, आई. घाटाची वाट, मिळेल ती गाडी, नाहीतर पायी. बाजाराची पाटी बुडवून तू एवढ्या लांब गेलीस, ज्याची वस्तू त्याच्या पाया पडलीस, आणि वस्तू घरी ठेवून गेलीस. हे कसलं वागणं? न्यायचं नव्हतं तर गेलीस कशाला, आणि जायचं होतं तर नेलं का नाहीस? दादांनी देऊ दिलं नाही का? की दुसरा बैल पडला तर काय, ही धास्ती तुझीच? की नुसतं विसरलीस आणि तिथे बसल्यावर आठवलं? तिन्ही मला खरी वाटतात, म्हणून तिन्हींचा राग येतो. आणि ते फडकं. आपलं फडकं नाही म्हणून आपण मालक, असं मी शहाण्यासारखं लिहायला लावलं. नेऊन परत न करणाऱ्याचंही फडकं नसतं, हे मला सुचलं नाही. आपल्या घरात असं होऊ शकतं हे डोक्यातच आलं नाही.

मी सुनेला विचारलं, आणून देऊ का पुस्तक? ती म्हणाली, "बैल इकले, आता टॅक्टर हाय. त्याला काय पाला वाटून घालू? राहू द्या त्या काचंत. पण म्हाताऱ्याचं नाव लिवा. आन् तुमच्याकडं कसं गेलं, कसं राहिलं, तेबी लिवा." शेवटचं वाक्य बोलताना तिने तांदळातला हात थांबवला.

भाऊ ऐकून तापला. "त्या डोंगरातल्या माणसाकडे कुठलं छापलेलं पुस्तक, अक्का? उगीच घराण्याला बट्टा लावू नको." मी म्हटलं, बट्टा लागून जमाना झाला, तुला आज दिसला. तेव्हापासून त्याचा फोन नाही. बिल वाचतंय त्याचं. ग्रंथालयातल्या बाईने मात्र सगळं नीट ऐकलं. माझं ते शहाणपणाचं वाक्य तिने एका रेघेत खोडलं आणि त्या माणसाचं नाव, त्याच्या आज्याचं नाव असं वर लिहीत गेली. मग खाली आली आणि पेन थांबवलं. म्हणाली, "आजी, ज्यांनी नेलं आणि परत करायचं राहिलं, त्यांचं कुणाचं नाव लिहू? वडिलांचं की आईचं?"

दादांचं नाव लिहिलं तर भाऊ म्हणेल मी सूड घेतला, आणि तू त्या पाटीवरून पुन्हा पुसली गेलीस. तुझं लिहिलं तर तुझं नाव काचेखाली लागलं, जन्मात पहिल्यांदा लागलं, आणि ते असं लागलं. मी बाईला म्हणाले, घरी विचारून सांगते. या घरात आता माझ्यापेक्षा मोठं कुणी नाही, हे तिलाही दिसत होतं. बाजाराच्या दिवशी परत येणार आहे.

म्हणून हे लिहायला बसले. नातीच्या उरलेल्या वहीत लिहिलंय, वही तिला परत द्यायची आहे, तेवढी पानं फाडून घेईन. एक सांगते, मग पुरे. मी मनातून तुझंच नाव लिहायचं ठरवलंय. खरं काय ते कळायच्या आधीच ठरवलंय, कसंही का होईना पण लागावं म्हणून. हे बरोबर नाही हे मला कळतं. तेव्हा तूच सांग. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तिथेही हे दादाच वाचून दाखवणार, आणि वाचता वाचता तुझ्या वतीने बोलायलाही लागणार. वाचू दे त्यांना. पण बोलायला लागले की गप्प बसव. विचारलं तुला आहे. उत्तर तूच द्यायचं.