बाबांनी फिरायला कधी निघावे, याबाबतचे मृत्युपत्र

१. आमच्या कार्यालयाच्या गच्चीवर हवेतले पराग पकडणारा सापळा आहे. त्यात हळूहळू सरकणाऱ्या चिकट पट्टीवर पराग बसतात. ते कोणत्या जागी बसले, त्यावरून वेळ कळते.
२. गेल्या वर्षी गवत फुलोऱ्यात असताना ती पट्टी उलट्या टोकाने लावली गेली. सकाळचे पराग दुपारनंतरचे म्हणून मोजले गेले.
३. अंदाज काढणाऱ्या माझ्या संगणकीय मॉडेलने ते आकडे खरे मानले. अंदाज प्रसिद्ध झाला: दम्याच्या रुग्णांनी सकाळी फिरावे.
४. माझे बाबा सकाळी फिरायला गेले आणि रस्त्यात कोसळले. आणखीही काही जणांना दवाखान्यात न्यावे लागले. सगळे वाचले.
५. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत.

वरील पाच गोष्टी क्रमाने सांगू शकणारी व्यक्ती शुद्धीत आहे, असे मानायला हरकत नसावी. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट थोरल्या ताईने "असलं अभद्र काही लिहू नकोस" म्हणून फोन आपटला आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर बाई म्हणतात, धोका कमी आहे. कमी आणि शून्य यांतला फरक लोकांना सांगण्याचाच मला पगार मिळतो. म्हणून पुढीलप्रमाणे लिहून ठेवते.

कलम पहिले. माझे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली शिल्लक ताईला. मात्र बाबा हयात असेपर्यंत ते तिथेच राहतील आणि पूर्वेची खिडकी त्यांचीच राहील. ताईने त्या घरात गालिचा आणू नये.

कलम दुसरे. सोफा आत्याला. "फुलांची धूळ मोजून कुणाचं भलं झालंय?" असे ती दर भेटीत विचारते, तेही त्याच सोफ्यावर बसून. शिंका सुरू झाल्या की मात्र तिचा पहिला फोन मला येतो. यापुढे तिने सरळ डॉक्टरांकडे जावे.

कलम तिसरे. विभागप्रमुखांना माझे भिंग. अंदाजातली चूक दुरुस्त करून छापायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले होते, "अक्षर जरा बारीकच ठेवा." आता त्यांना ती दुरुस्ती वाचता येईल.

कलम चौथे. हे मुख्य.

बाबा निवृत्त पोस्टमन आहेत. चालून आल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. छापील अंदाजावरून त्यांचे मन उडाले आहे. मी रोज कार्यालयातून फोनवर सांगते ती वेळ मात्र ते पाळतात. हे काम ताईकडे दिले, तर ती रोज "घरातच बसा" म्हणेल आणि बाबा तिला न सांगता निघतील, तेही भर फुलोऱ्यात.

म्हणून हे काम मी माझ्या सहकाऱ्याकडे सोपवते. पट्टी उलटी लावणारा तोच. कबुली द्यायला तो दवाखान्याचे जिने धावत चढून थेट बाबांच्या खाटेशी आला.

"काका, पट्टी मी लावली होती. चूक माझी."

बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "आधी बस. दमा मला आहे का तुला?"

"काहीतरी बोला तरी मला."

"आत्ता श्वास पुरत नाही रे. बरा झालो की सावकाश बोलेन."

ते बोलणे राहूनच गेले. आता दोघे बुद्धिबळ खेळतात आणि माझ्याविषयी बोलतात.

तेव्हापासून तो पट्टीच्या सुरुवातीच्या टोकाला लाल ठिपका काढतो, आणि तरीही खात्रीसाठी मला गच्चीवर बोलावतो. कार्यालयात त्याचे नावच 'लाल ठिपका' पडले आहे. ही चूक ज्याच्या हातून एकदा झाली, त्याच्या हातून ती पुन्हा होणार नाही. हा निरीक्षणाचा निष्कर्ष आहे, जिव्हाळ्याचा नव्हे. जिव्हाळा वेगळा, तो मी मोजलेला नाही.

माझा स्वतःचा मायक्रोस्कोपही त्यालाच. मॉडेल कार्यालयाचे आहे, पण त्याच्या खोडी त्याला माहीत आहेत. बाबांना आकडे सांगू नयेत. "दहानंतर निघा" एवढे पुरे. त्यांनी हुज्जत घातली, तर घालू द्यावी. हुज्जत घालण्याइतका श्वास आहे, हे त्यावरून कळते.

याच सहकाऱ्याने मार्चमध्ये गच्चीवर मला एक प्रश्न विचारला होता. तो या मृत्युपत्रातून वगळला आहे. त्याचे उत्तर वारसांनी द्यायचे नाही. शुद्धीवर आल्यावर मी स्वतः देईन.

लिहून ठेवणार: बाबांची धाकटी (सही)

आमच्या दोघांच्या समोर, एकाच वेळी सही झाली:
१. समोरच्या घरातल्या दंतवैद्य बाई (सही)
२. कार्यालयाचे ग्रंथपाल (सही, चष्मा विसरल्यामुळे तिरकी)

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. लाल ठिपक्याने पेन खिशातच ठेवावे.

ठिकाण: गच्चीखालची मोजणीची खोली
दिनांक: १४ मे, गुरुवार

प्रत लाल ठिपक्यास: कलम चौथे तुला मान्य आहे की नाही, ते शनिवारी दुपारी पट्टी बदलण्याआधी मला लेखी कळव.