फरशीवरचा उजवा पाय

मौजे कोसमटोला, तालुका गडचिरोली, जिल्हा चांदा
१४ सप्टेंबर १९५७

ती. भागीरथाबाईच्या पायाशी धाकट्या वच्छलाचा नमस्कार पोचावा.

बाई, इकडचं सारं ठीक आहे. रोवणी वेळेवर झाली, धानाले पाणी पुरून राह्यलं. भाऊजीचा दमा कसा आहे? जिनात कापसाचं काम सुरू झालं की त्यायनं तोंडाले फडकं बांधावं. ते ऐकणार नाईत, पण तू सांगत जा.

तू म्हणशीन, तीन वर्षं चिठ्ठी नाई अन् आज हिले कशी आठवण आली. आठवण रोजच होती. तू अन्नपूर्णाले मांगतलं, मी नाई म्हटलं, अन् तू भरल्या ताटावरून उठून गेली. त्यात माहं चुकलं असं मले आजही वाटत नाई. तुही कूस भरली नाई, याचं मले दुःख आहे. पण लेकरू म्हणजे काही पायलीभर तांदूळ नाई, की बहिणीनं मांगतलं अन् सुपात टाकून दिलं. पोरगी आता पाच वर्षांची आहे. तुह्यासारखीच नाकाची शेंडी लाल करून रुसते.

आता पायाचं सांगते. मांगच्या वर्षी रोवणीच्या वक्ती उजव्या तळपायात बोराएवढी गाठ लागली. दुखे नाई. मी म्हटलं, कुरूप आहे. चिखलात उभ्या राहणाऱ्या कोणत्या बाईच्या पायात कुरूप नाई? काटा आत राहते, वरची कातडी टणक होते, बिब्याचा चटका दिला की झडून जाते. आमची शेजारीण सुकरी, गोंडाची आहे, तिचा हात हलका. तिनं बिबा दिव्यावर तापवून सुईनं त्याचं तेल लावलं. पाय उतला, मी लंगडत हिंडली. सारे म्हणे, उतला म्हणजे कुरूप मरून राह्यलं. सूज उतरली तं गाठ तिथीच. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. दरवेळी गाठ थोडी मोठी दिसे अन् आम्ही म्हणो, बिब्यानं वाढली. यात सुकरीचा दोष नाई. मीच तिच्या मांगं लागली होती.

दवाखान्यात मी माह्यासाठी गेलीच नाई. या पावसाळ्यात पोरीले खोकला धरला, म्हणून हे अन् मी तिले घेऊन गडचिरोलीले गेलो. बाहेर चिखल, आत नुकतीच पुसलेली फरशी. माहे पाय उमटत गेले अन् झाडणारा बुढा कुरकुर करू लागला. मोहरील म्हणून नवे डॉक्टर आले आहेत. ते पोरीच्या छातीवरची नळी काढून फरशीच पाहू लागले. मले लाज वाटली. म्हटलं, "पुसून देते साहेब."

"थांबा बाई, पुसू नका," ते म्हणाले, अन् खाली उकिडवेच बसले.

डावा पाय उमटला होता तो सगळ्यायचा उमटते तसा, टाच अन् बोटं, मधात कोरडी जागा. उजव्या पायाच्या मधात, जिथी काही उमटाले नाई पाहिजे, तिथी एक गोल डाग होता.

त्यायनं विचारलं, "काटा रुतला होता?"

मी म्हटलं, "पायात काटा नाई रुतला असा माणूस या तालुक्यात दाखवा साहेब."

"खरं आहे. पण कुरूप होतं ते जिथे भार पडतो तिथे. टाचेला, नाहीतर बोटांच्या बुडाशी. तुमची गाठ कमानीत आहे. तिथे पाय जमिनीला टेकतच नाही."

बाई, अर्ध्या गावानं माहा पाय पाह्यला होता. पण सगळ्यायनं तो मांडीवर घेऊन पाह्यला, भुईवर टेकलेला कोणी पाह्यलाच नाई.

आमच्या यायनं विचारलं, "मंग आहे काय ते?" डॉक्टर म्हणाले, "मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच थोडं कापून नागपूरला पाठवतो." मले तो माणूस तिथीच पटला. नाई तं आजवर ज्याले विचारलं त्याले सारं माहीत होतं. गाठीचा तुकडा दवाच्या शिशीत घालून नागपूरले गेला. जवाब येईपर्यंत मी धानाच्या बांधीत उतरून रोवणी उरकली. घरी बसून तरी काय केलं असतं?

जवाब आला तो असा की हा कॅन्सर आहे. कातडीचा नाई, हाडाचा नाई, मधातल्या मांसाचा. लाखात एखाद्याले होते, अन् तळपायात तं त्याहून कमी. मी म्हटलं, "साहेब, जलमात कशात माहा नंबर लागला नाई, इथी बरोबर लागला." ते हसले नाई. मंग मीही हसली नाई.

पाय कापा लागते. गुडघ्याच्या खालून.

गावात बाया म्हणून राह्यल्या, एका पायाची बाई रोवणी कशी करन. हे म्हणाले, "तू बांधावर बसून शिव्या घालत जा, रोवणी आपोआप होते." एवढं बोलले अन् बैलाले पाणी दाखवाले गेले, ते लवकर आलेच नाई. मी रडली ते तेव्हाच. मंग भात मांडला.

चांद्याले नेऊन छातीचा फोटोही काढला. ही गाठ पसरली तं फुप्फुसात जाते म्हणते. फोटो साफ आहे. डॉक्टर म्हणाले, "आज साफ आहे, एवढंच मी सांगू शकतो." उद्याचं मी विचारलं नाई.

आता ज्यासाठी लिहाले बसली ते लिहिते. पाय कापाच्या वक्ती हे माह्यासंगं नागपूरले येऊन राह्यले. दवाखान्यात लेकराले राहू देत नाई. सासूबाई आता नाईत. सुकरी पोरीवर जीव लावते, पण दिवसभर रानात राहते. घट बसतात त्या दिवशी दुपारच्या गाडीनं आम्ही तुह्या वरोऱ्यावरून जातो. तू फलाटावर ये. मी डब्याच्या दारातच राहीन. गाडी जास्त थांबत नाई, तेव्हा पहिले पोरीले घे, मंग रागाव. तू नाई दिसली तं मी पोरीले घेऊन पुढच्या टेशनावरून घरी परत फिरीन. ही धमकी नोहे बाई. तुह्याशिवाय तिले कोणाजवळ ठेवाले माहं मन घेत नाई.

तुह्याकडची जवारीची भाकर तिच्या घशाखाली उतरणार नाई. झाडीतली पोरगी आहे, तिले भात लागते. झोप आली की जवळच्या माणसाचा कान धरते. तुहा धरला तं सोडवू नको.

अन् नीट वाच. मी पोरीले तुह्याजवळ ठेवून राह्यली, देऊन नाई राह्यली. कुबडी टेकत येईन, पण माही लेक मी घेऊन जाईन. तेव्हा ताटावरून उठायचं नाई, दोघी जेवू.

मी नाई आली, तं तिले तुले आई म्हणू दे. तेव्हा मी नाई म्हटलं होतं, ते मी जिती असतानाचं होतं. पण बाई, आतापासून तिले ते शिकवू नको. अजून माहा फोटो साफ आहे.

तुही लहान बहीण, अन् अन्नपूर्णाची आई,
वच्छला