बत्तीस बोअरच्या तीन पुंगळ्या

बाबा, मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. मी लिहिलं होतं की माझ्या लबाडीमुळे तुम्ही चेक पिस्तूल विकलंत आणि बेल्जियन ठेवलंत. तसं झालेलं नाही. आठवणीवर विसंबून लिहिलं होतं, वही उघडली नव्हती. गेल्या रविवारी उघडली. त्यातून दुसरंच एक निघालं आणि त्यासाठी मला आता एका ठिकाणी जायचं आहे. पण आधी चूक दुरुस्त करते, मग पुढचं.

तुमचा संग्रह तीनाच्या वर कधीच गेला नाही, कारण परवान्यावर तीनच हत्यारं बसत. लोकांची नाणी, तिकिटं वाढत जातात. तुमचं उलटं होतं. चौथं आवडलं की तिघांपैकी एकाने घर सोडायचं. बोअर, म्हणजे नळीचं माप, मात्र ठरलेलं, बत्तीस. कोणी दुसऱ्या बोअरचं काही दाखवायला आणलं तर तुम्ही ते हातात घेऊन बघायचात, कौतुक करायचात आणि परत द्यायचात. "एकाच बोअरची असली तरच तुलना करता येते, नाहीतर ती गोळीची तुलना होते, पिस्तुलाची नाही," हे तुमचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला माझंच वाटतं. दम्यामुळे मी तिसरीपर्यंत शाळेत गेले नाही, तेव्हा दशांश चिन्ह मला याच बोअरने शिकवलं. सात पॉइंट पासष्ट मिलिमीटर. तुम्ही कारखान्याच्या गेज विभागातून आणलेला जुना व्हर्नियर माझ्या हातात द्यायचात आणि मी निशाणाच्या कार्डावरची भोकं मोजायचे. सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. अंतर कमी, पिस्तूल चांगलं. शाळेत गेले तेव्हा बाईंनी दशांश शिकवायला घेतले आणि मी हात वर करून विचारलं, "कुठल्या दोन भोकांमधलं?"

परवानगी होती तेवढ्यापुरतीच मी नेमबाजीच्या रेंजवर यायचे. मागच्या बाकावर कान झाकून बसायचं, झाडल्यावर उजवीकडे उडालेल्या पुंगळ्या तुम्ही हात केल्यावर गोळा करायच्या, त्या गरम असायच्या म्हणून घरून वाटी न्यायची. आईची आमटीची वाटी. मग घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही एकेक पिस्तूल उघडताय, खोलीभर तेलाचा वास आहे, आई म्हणतेय, "पोळ्या लाटायच्या आहेत मला, तुमचं हे लष्कर उचला," आणि तुम्ही म्हणताय, "पाच मिनिटं," आणि मी समोर वही घेऊन बसले आहे. वहीचे नियम तुमचे होते. खोडरबर वापरायचं नाही. एकदा मी एक आकडा ब्लेडने खरवडून काढला होता तेव्हा तुम्ही पान उजेडासमोर धरलंत. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "इथे भोक पडलंय. आता इथे काय होतं ते मलाही कळणार नाही आणि तुलाही. चुकलं तर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं." मी दहा वर्षांची होते. त्या दिवशी रात्री जेवताना मी तुमच्याकडे बघितलं नाही.

आता ती लबाडी. मी चौदा वर्षांची होते. तुम्हाला कोणाचं तरी इटालियन घ्यायचं होतं आणि म्हणून एकाला जायचं होतं. आपल्याकडच्या कारखान्याचं तुम्ही देणार नव्हतात, त्याचे सुटे भाग मिळत. प्रश्न चेक आणि बेल्जियन या दोघांचा होता. तरी तुम्ही तिन्ही झाडलीत, प्रत्येकी पाच गोळ्या, एकाच अंतरावरून, एकाच पेटीतल्या. मला बेल्जियन आवडायचं. लहान होतं, काळ्या रंगाखालून कडांना पोलाद दिसायला लागलेलं. त्याच्या चार गोळ्या एकत्र बसल्या आणि पाचवी कार्डाच्या कोपऱ्यात गेली. मी चारच मोजल्या आणि एकोणचाळीस मिलिमीटर लिहिलं. चेकचे शेहेचाळीस आले होते. तुम्ही चेक विकलंत. ते देऊन आलात त्या दुपारी जेवला नाहीत, भूक नाही म्हणालात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मी पंधरा वर्षं हे धरून बसले की तुमचं सगळ्यात चांगलं पिस्तूल माझ्या एका आकड्यामुळे गेलं, आणि तेच तुम्हाला मागच्या पत्रात कबूल केलं.

रविवारी पान पाहिलं. माझ्या एकोणचाळीसवर लाल शाईने एक रेघ आहे. शेजारी तुमच्या अक्षरात, ७१, पाचवी धरून. म्हणजे तुम्ही कार्ड पुन्हा मोजलं होतंत. म्हणजे बेल्जियन तिघांत सगळ्यात वाईट होतं, हे तुम्हाला माहीत होतं. खाली एक ओळ आहे. "बेल्जियन ठेवायचं. हिला फक्त याचीच स्लाइड ओढता येते."

मला तो दिवस आठवतो. रिकामी पिस्तुलं टेबलावर ओळीने ठेवून, मॅगझिन काढून, नळीत काही नाही हे मला दोनदा दाखवून तुम्ही म्हणालात, "एकेकाचा वरचा सरकता भाग मागे ओढून बघ." पहिली दोन जागची हलली नाहीत. तिसरं आलं. मला वाटलं तुम्ही स्प्रिंगची ताकद तपासताय. एकविसाव्या वर्षी मला परवाना मिळाला असता, तोवर तुम्ही ते सांभाळून ठेवणार होतात, असं आता वाटतं. पण ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मीही नक्की असं म्हणत नाही.

इथवर दुरुस्ती. पुढचं असं, की त्या ओळीखाली जाड कागदाचे तीन छोटे खिसे चिकटवलेले आहेत. त्यांत कार्डाचे तुकडे असतील असं मी समजत होते, बाकीच्या पानांवर तसेच आहेत. रविवारी त्यातल्या एकाचा डिंक सुटला आणि पुंगळी टेबलावर पडली. तीन खिशांत तीन पुंगळ्या, प्रत्येक पिस्तुलाची एक. बुडावर, जिथे पिन आदळते तिथे, खळगा कसा पडतो ते ताडून बघायला तुम्ही ठेवल्या असणार. बेल्जियनचा खळगा मध्यापासून जरा वर आहे. पितळ काळवंडलंय. उरलेली सगळी पानं मी दिव्यासमोर धरून पाहिली, आणखी काही नाही.

अडचण अशी आहे की मी सेंगकांगमध्ये बसले आहे. आई दोन वर्षांपूर्वी कपाट रिकामं करत होती तेव्हा ही वही मीच साडीत गुंडाळून बॅगेत घालून सिंगापूरला आणली. इथे रिकामी पुंगळीसुद्धा परवानगीशिवाय आणायची नसते. मी नियम तीनदा वाचला. पुण्यात ज्या वाटीभर आपण कपाटात ठेवायचो, त्यातल्या तीन इथे घरात असणं हे कळवण्यासारखं आहे. आणि आमचा दोघांचा पीआरचा, इथल्या कायम रहिवासाचा, अर्ज आत गेलेला आहे. त्यात एक प्रकटन असतं, आपल्या हातून काही नियमभंग झालेला नाही असं. मी त्याखाली सही केली आहे. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या नियमपालन विभागात मी काम करते, दिवसभर इतरांकडून असली प्रकटनं भरून घेते.

नवरा टेबलापाशी आला, त्याने पुंगळी उचलून बघितली.

"पितळ आहे. भंगारात काय भाव मिळेल?"

"काडतूस आहे ते."

"होतं. अगं, बाहेर कचऱ्याची च्यूट आहे. टाक, खाली जाऊन पडेल, विषय संपला. पंधरा वर्षांपूर्वी उडून गेलेली गोळी आहे ती, तुझ्यामागे परत येणार आहे का?"

"कचऱ्यात कोणाला सापडली तर?"

"तर ते म्हणतील, या ब्लॉकमध्ये गुन्हेगार बाई राहते, बाराव्या मजल्यावर, डबा वेळेवर करते." मग माझं तोंड बघून तो खुर्चीत बसला. "हे बघ, मी चेष्टा करतोय, पण अर्जाचं खरंच काळजीचं आहे. आपण काही मुद्दाम आणलेलं नाही. आपणहून सांगायला गेलो तर कागद तयार होतो. नाही गेलो तर काहीच नाही. चार वर्षं वाट बघतोय आपण."

तो चुकीचं बोलत नव्हता. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "गेले तरी त्या माणसाच्या पिस्तुलांनी मला सोडलं नाही. ते गेल्यावर ती तिन्ही घेऊन चौकीत कोण गेलं? मी. पावती मिळेपर्यंत दोन तास बाकावर कोण बसलं? मी." मग म्हणाली, "तुला त्या ठेवायच्यात का?" मी म्हटलं, ठेवता येत नाहीत. ती म्हणाली, "ते नाही विचारलं मी."

ठेवायच्या आहेत, बाबा. तुम्ही माझ्यासाठी काही ठरवलं होतंत याचा वहीबाहेरचा पुरावा म्हणजे ती एक पुंगळी. ते पिस्तूल आईने पुढे चौकीतून व्यापाऱ्याला दिलं, आता कोणाकडे आहे माहीत नाही. बाकीच्या दोन दिल्या असत्या आणि ही ठेवली असती, हेही माझ्या मनात येऊन गेलं. करंगळीच्या पहिल्या पेरापेक्षा लहान आहे. सुईदोऱ्याच्या डब्यात कोणालाही दिसली नसती. पण मग रोज सकाळी कामावर जाऊन मी लोकांना विचारणार, हे सगळं खरं आहे ना, इथे सही करा. ते मला जमलं नसतं, आणि जमलं असतं तर ते जास्त वाईट.

काल दुपारी ऑफिसच्या जिन्यात जाऊन मी पोलिसांच्या साध्या नंबरवर फोन केला. तरुण आवाजाचा कोणी होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, दोनदा "ओके, ओके" म्हणाला. मग इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला, "टेल हर डोन्ट थ्रो, डोन्ट पोस्ट. जस्ट कम डाउन, ब्रिंग हर वर्क पास, टेल अस हाउ इट केम. बेटर शी कम हरसेल्फ, लाह." पुढे काय होईल, अर्जावर काय परिणाम होईल ते तो सांगू शकत नव्हता. मीही फार विचारलं नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मीही येतो. फक्त वही नेऊ नकोस, ती ठेवून घेतील." मी म्हटलं, वही नेणार आहे. कुठून आल्या ते त्यातच आहे.

फोनबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहिलं. तो माणूस "ती, ती" म्हणत होता, कारण मीच त्याला सांगितलं होतं की या पुंगळ्या माझ्या एका मैत्रिणीकडे निघाल्या आहेत. अशी मैत्रीण कोणी नाही. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही. पोलीस चौकीत गेल्यावर सगळ्यात आधी हेच बोलायचं आहे, मग पुंगळ्या. मी रजा टाकली आहे. या गुरुवारी, सकाळी दहाला.