गोळी उपासाला चालते का?

नवरात्र, तिसरी माळ. वारजे, दवाखान्यात.

आईला सलाईन लावलंय आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून लिहितेय. संध्याकाळी घटाला माळ चढवताना तिला भोवळ आली. दम्यासाठी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यानं चेहरा गोल झालाय. मावशी कौतुकानं म्हणते, "ताईनं बाळसं धरलंय!"

गोळी घेतलीस का विचारलं, तर म्हणाली, "ती जेवणानंतर घ्यायची असती. उपासाला जेवण कुठलं आलं?" म्हणजे घट बसल्यापासून गोळी बंद! वाढणारी साखर, ठिसूळ होणारी हाडं, सगळं मी तिला समजावलं होतं. एकदम बंद करायची नाही, हे सांगितलं होतं का? आठवतच नाही.

डॉक्टर फोनवर ओरडलेच. "ही गोळी अशी मध्येच तोडतात का? रक्तदाब कोसळतो त्यानं. आत्ता द्या आणि लगेच घेऊन या."

आई अडून बसली. "गोळी उपासाला चालती का?"

बाबा म्हणाले, "विचार की तुझ्या ग्रॅज्युएट लेकीला."

एरवी मी उपासावरून वाद घातला असता. त्या गोल चेहऱ्याकडे बघून म्हटलं, "चालते. भगरीबरोबर." तिनं मुकाट्यानं दोन घास खाऊन गोळी गिळली.

मघाशी डोळे मिटताना तिनं परत विचारलं, "खरंच चालती ना गं?"

"चालते."

रक्तदाब अजून हवा तेवढा वर आलेला नाही. उद्याची माळ मीच चढवणार आहे. देवीनं मला खोटं पाडू नये.