आईने घेतलेला बिल्ला

बाबा, येत्या रविवारी तुमचा फोटो लागणार आहे. घोडपदेवची आपली चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आणि तळमजल्यावर मंडळाला एक खोली मिळाली. त्या खोलीत गणपतीच्या मखराचं सामान राहील, कॅरम राहील आणि भिंतीवर तुम्ही. हे सांगायला मंडळाचे सेक्रेटरी परवा माझ्या प्रभादेवीच्या घरी आले होते. तुमचेच जुने पेशंट, आता साठीला आलेले. तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, तरी त्यांच्या तोंडी तुम्ही अजून ‘आमचे डॉक्टर’च आहात. चहा पिता पिता म्हणाले, “दादा, मुलगा म्हणून पाच मिनिटं तुम्हीच बोला. आणि ते बिल्ल्याचं सांगा हां. पुढचा नंबर माझाच होता ना तेव्हा.”

ते बिल्ल्याचं तुम्हाला आठवत असेल असं मला वाटत नाही, म्हणून सांगतो. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत आपण, मध्ये एक पडदा. दवाखान्याच्या दारात डबा आणि डब्यात नंबर कोरलेले पत्र्याचे बिल्ले. मिलमधला, कामगारांवर हुकूम चालवणारा जॉबर असो, नगरसेवक असो की नाक्यावरचा हमाल, ज्याने त्याने बिल्ला उचलायचा आणि बाकावर बसायचं. तुमचा तो अभिमानच होता. तर लोक सांगतात ते असं, की एकदा डॉक्टरांची बायकोच बिल्ला घेऊन बाकावर बसली. तिचा नंबर आला तशी डॉक्टरांनी मान वर केली आणि म्हणाले, “तू घरची. तुझं घरी बघू. पुढचा.” बायकोला उठवलं आणि पेशंटला घेतलं. एवढं झालं की ऐकणारे मान डोलवतात. तुमच्या तेराव्याच्या पंगतीतही ही गोष्ट निघाली होती. मी वाढत होतो. वाटीत आमटी ओतली आणि पुढच्या पानाकडे गेलो.

त्या पडद्याशी माझी ओळख उशिराच झाली. घरात सतत आजारी माणसं, पोराला लागण व्हायची, म्हणून तुम्ही मला गावी आत्याकडे ठेवलंत. मी गावच्या शाळेत शिकलो, गावच्या देवळात आरती म्हणायला शिकलो आणि मे महिन्यात पाहुण्यासारखा तुमच्याकडे येत राहिलो. मी आलो की तुम्ही मला जवळ घेत नसा. नाडी बघायला माझं मनगट धरायचे, घड्याळाकडे बघायचे, “ठीक आहे,” म्हणायचे आणि पडद्यापलीकडे जायचे. चाळीतल्या कुठल्या पोराला गोवर कधी आला, कोण अंगावरच्या दुधावर नीट वाढलं नाही, हे तुम्हाला तोंडपाठ होतं. मी कितवीत आहे ते मात्र आईला विचारावं लागायचं. हे मी विसरलो असतो. पोरांना विसरता येतं. पण पुढचं विसरता आलं नाही.

तेव्हा मी विशीत होतो. दादरला चष्म्याच्या दुकानात नुकता लागलो होतो आणि त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी मागच्या खोलीत जेवतोय. आई ट्रंकेतून तिचं मोरपंखी लुगडं काढते, गावच्या जत्रेला नेसायची ते. कुठे निघालीस विचारलं तर म्हणते, दवाखान्यात. मला हसू आलं. दवाखाना पडद्याच्या पलीकडे, दोन पावलांवर. हाक मार ना त्यांना, म्हटलं. ती निऱ्या सारख्या करता करता म्हणाली, “घरी ते ऐकत नाय रे. थंय ऐकतत.”

मग ती मागच्या दाराने बाहेर पडली, गॅलरीतून वळसा घालून पुढे गेली, डब्यातला बिल्ला घेतला आणि लोकांत बसली. पडद्याआडून मला तुमचा आवाज ऐकू येत होता, जो आवाज तुम्ही घरात कधीच काढला नाहीत. कधीपासून दुखतंय, झोप लागते का, घाबरायचं नाही हां आजी. मग तिचा नंबर आला. तू घरची, तुझं घरी बघू, पुढचा, हे तीन तुकडे मी ऐकले, आणि त्यामागून बाकावरच्या लोकांचं कौतुकाचं हसणंही. ती गेली त्याच वाटेने परत आली. लुगडं बदललं. मग मूठ उघडून बघते, तर बिल्ला तिच्याकडेच राहिलेला. मला म्हणाली, “जा, देऊन ये. त्यांचो नंबर चुकात.”

त्या संध्याकाळी तुम्हाला कुणीतरी टेकडीवरच्या वस्तीत व्हिजिटला नेलं. दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी. तुमचं ‘घरी बघू’ तिथेच राहिलं आणि तिनेही पुन्हा विषय काढला नाही. मी तिला विचारलं होतं, काय होतंय तुला? छातीतली गाठ मुलाला कशी सांगणार? “काय नाय, जरा थकलंय,” म्हणाली. वर्ष उलटल्यावर फळीवरची लोणच्याची बरणी काढायला तिचा हात वर जाईना, तेव्हा तुम्हाला कळलं. परळच्या कॅन्सरच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात हे त्यांना समजलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, “डॉक्टरांच्या घरात इतका उशीर?” तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडलात. ती गेल्यावर तेराव्याच्या आतच उघडलात. लोकांनी त्याचंही कौतुक केलं.

तुम्हाला ते देवमाणूस म्हणतात. तुमचा देवावर विश्वास नव्हता, म्हणून तुम्ही हसून सोडून द्यायचे. मला सोडून देता येत नाही, कारण माझा आहे. मी रोज संध्याकाळी दिवा लावतो. मंगळवारी इथे गणपतीच्या देवळाची रांग पार रस्त्यावर येते, तिच्यात मीही असतो. तू घरचा, तुझं मागाहून बघू, असं म्हणून त्या दारातून कुणाला परत पाठवलेलं मी पाहिलेलं नाही. तुम्ही चांगले डॉक्टर होता, हे मी नाकारत नाही. त्या वस्तीत तुमच्या हातून किती माणसं उठली, हे मी रोज कुठे ना कुठे ऐकतो. पण तुम्हाला चांगुलपणाची चटक लागली होती आणि ती भागवायला बाहेरचीच माणसं लागायची. घरच्यांशी चांगलं वागलेलं बघायला बाकावर कुणी नसतं.

हे सगळं मी सेक्रेटरींना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, “आई त्या दिवशी गाठ दाखवायला आली होती.” त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “मला सर्दी झाली होती, दादा. नुसती सर्दी.” आणि थोड्या वेळाने, “आम्ही पण हसलो होतो.” मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी काय करायचं होतं? त्यांना डॉक्टर हवा होता आणि तो मिळाला.

निघताना त्यांनी चपला घालता घालता विचारलं, मग रविवारचं काय करायचं? मी म्हणालो, फोटो लावा, मी येतो. शेजारी आईचा लावा, नाहीतर मला बोलवू नका. आणि गोष्ट मीच सांगेन, पण ‘पुढचा’पाशी थांबणार नाही. बिल्ला परत द्यायला मी गेलो तिथपर्यंत सांगेन, आणि परळपर्यंत. ते ‘बरं’ म्हणाले. रात्री फोन आला, कमिटीत दोघांचा विरोध होता, पण आईचा फोटो लागेल, मोठा करायला पाठवून द्या. मी तिचा मोरपंखी लुगड्यातला फोटो शोधला. तो नाही. त्या लुगड्यात तिचा कुणी फोटोच काढला नव्हता. आत्याच्या घराच्या ओट्यावरचा साध्या नऊवारीतला दिलाय.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि रविवारनंतरही करणार नाही. पितृपक्षात तुमचं पान मांडतो, ते तिचं पान एकटं पडू नये म्हणून. हे पत्र मी कुठे पाठवणार, दिव्याखालच्या खणात राहील.

फक्त एक सांगायचं आहे, ते रविवारी सांगणार नाही. मागच्या महिन्यात मला छातीत जड वाटत होतं, म्हणून इथल्या एका डॉक्टरांकडे गेलो. चांगले आहेत, तरुण आहेत. त्यांनी प्रश्न विचारले, कॉम्प्युटरवर टाइप केलं, तपासण्या लिहून दिल्या. त्यांचं बोलून संपलं तरी माझा हात टेबलावरच होता, मनगट वर करून ठेवलेला. मी तो कधी ठेवला, मलाच कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, अजून काही? मी नाही म्हणालो आणि हात लगेच काढून घेतला नाही.