समोरच्या डॉक्टरांची इंपोर्टेड गाडी

सौ. छकुलीच्या आईस,

मी इथे खुशाल आहे. तुझ्या गुडघ्याला आराम आहे ना?

तुझ्या पत्रात अर्धं पान समोरच्या दातांच्या डॉक्टरांच्या इंपोर्टेड गाडीचं कौतुक आहे. पोटातलं पाणी हलत नाही म्हणतेस. अगं, मी वर्कशॉपमध्ये दिवसभर असल्याच गाड्यांखाली पडलेला असतो. एक सेन्सर गेला की गाडी महिनाभर पार्टची वाट बघत बसते. दिसायला राजबिंडी, पण भरवसा काडीचा नाही. गाडीबद्दलच बोलतोय मी.

आपली देशी गाडी खडखडते, पण कोपऱ्यावरचा मेकॅनिकही तिला तासाभरात चालू करून देतो. रोज सकाळी थोडा वेळ सुरू ठेव, असं निघताना बजावलं होतं. डॉक्टरांच्या गाडीतून जायला लागल्यावर ते राहूनच गेलं असणार.

बॅटरी उतरली होती, पण ढकलल्यावर लगेच सुरू झाली, असं लिहिलंस. वाचून बरं वाटलं. आपली गाडी ढकलायची म्हणजे आत एक आणि मागे एक, अशी दोन माणसं लागतात. आत तू बसायचीस, मागे मी असायचो.

छकुलीला पापा. उत्तर लवकर पाठव, आणि या वेळी मागे कोण होतं तेवढं लिही.

तुझाच,
छकुलीचे बाबा