मधल्या चाकांची कड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त, हल्लीचा धंदा प्लास्टिकच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या आगगाड्या बांधणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणणारा अजून जन्माला यायचा आहे. डोकं ठिकाणावर आहे. एक गुडघा सोडला तर बाकीही सगळं ठिकाणावर आहे. यापूर्वी मी दोनदा रागाच्या भरात मृत्युपत्र केलं होतं, त्यातलं एक कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. ती दोन्ही रद्द समजावीत.

वकीलबाईंनी बजावलं आहे की कलमं आटोपशीर ठेवा आणि उगाच जुनं उगाळू नका. बघते.

कलम १. घर अर्धं माझं, अर्धं आमच्या ह्यांचं. माझा हिस्सा ह्यांना, त्यांच्यानंतर लेकीला. मागच्या खोलीत मोठं टेबल आणि त्यावर रूळ आहेत. मी गेल्यावर निदान तीन महिने ह्यांनी तिथे कपडे वाळत घालू नयेत. गेली वीस वर्षं त्यांचा त्या खोलीवर डोळा आहे, हे मला माहीत नाही असं त्यांनी समजू नये.

कलम २. बँकेत असेल ते लेकीला. दोन बांगड्याही तिलाच. बाकीचे दागिने कुठे गेले असं कोणी विचारलं, तर ते ठोकळ्यांत गेले. ह्यांनी त्याबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, ते इथे लिहिते.

कलम ३. ठोकळ्यांचे चौसष्ट खण लेकीला. ते आकाराप्रमाणे लावलेले आहेत, ते तसेच ठेवावेत. लेक भूलतज्ज्ञ आहे, हुशार आहे, पण तिला सगळं रंगाप्रमाणे लावायची खोड आहे. अगं बाई, काळ्या खणात काळा ठोकळा शोधायचा म्हणजे अख्खी दुपार गेली! चौकोनी ठोकळ्यांच्या खणात काळा लगेच दिसतो. तिला हे पटत नसेल तर तिने एक दिवस शोधून बघावं आणि मग माझ्या फोटोकडे बघून "बरोबर होतं तुझं" असं मोठ्याने म्हणावं.

कलम ४. हिरवी प्रवासी गाडी, पाच डब्यांची, तीही लेकीला. तिचे सगळे दरवाजे उघडतात. तिसऱ्या डब्यात खिडकीशी एक बाई पुस्तक घेऊन बसली आहे, ती मी. शेजारी झोपलेला माणूस कोण ते सांगायला नको. मालगाडीच्या नऊ वाघिणी आमच्या मंडळाला, म्हणजे महिन्यातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये जमून आगगाड्या पळवणाऱ्या आम्हा बावीस जणांना.

कलम ५. हत्यारं. ठोकळे उचकटायच्या तीन पट्ट्या, चिमटा आणि भिंग मंडळाला. ठोकळा दातांनी उचकटू नये. माझा पुढचा दात का तुटका आहे ते आता सगळ्यांना कळेल. ह्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी फेकण्याआधी चाळून घ्यावी. एका पिवळ्या कंदिलासाठी मी ती पिशवी अंगणात पालथी करून बसले होते, आणि शेजारचे कुलूपवाले "वहिनी, काही हरवलंय का?" म्हणून विचारत होते. हरवलं नसतं तर काय हौस म्हणून बसले असते!

कलम ६. मंडळाच्या अध्यक्षांना माझा चष्मा. त्यांनी प्रदर्शनात, शंभर माणसांदेखत, माझ्या एका डब्याच्या रेलगाडीला "बस छान जमलीये" असं म्हटलं होतं. ती रुळावर उभी होती. चष्मा स्वच्छ पुसून द्यावा.

कलम ७. आता काळं इंजिन आणि माझी धाकटी बहीण. हे कलम लांब होणार. वकीलबाईंनी चहा प्यावा.

मंडळाचे नियम दोनच: ठोकळा कापायचा नाही आणि गोंद लावायचा नाही. बांधलेलं कधीही सुटं करता आलं पाहिजे, सुटं केलेलं पुन्हा बांधता आलं पाहिजे, सगळी मजा त्यातच आहे. नऊ वर्षांपूर्वी मी प्रदर्शनासाठी काळं इंजिन बांधलं. तेराशे ठोकळे, सात महिने, नकाशे वीस पानं. एकाच लांब सांगाड्यावर मोठ्या चाकांच्या चार जोड्या. आगगाडीच्या चाकाला आतल्या बाजूने एक कड असते, ती चाकाला रुळावर धरून ठेवते. मी चारही जोड्यांना कड दिली. जितक्या कडा तितकी पकड, असं माझं गणित.

त्या दिवसांत धाकटी आमच्याकडे राहायला होती. शाळेत भूगोल शिकवून ती नुकतीच निवृत्त झाली होती, आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मदतीला आली होती. इंजिन सरळ रुळावर झकास पळे आणि वळणावर घसरून टेबलाखाली पडे. एकदा पडलं, दोनदा पडलं. दोन्ही वेळा ती खोलीत होती. मी म्हटलं, "तू टेबलाला धक्का दिलास." ती म्हणाली, "ताई, मी दारात उभी आहे." तिसऱ्यांदा पडून फरशीवर सुट्या ठोकळ्यांचा ढीग झाला तेव्हा ती पाणी घेऊन आली होती. मग काय, खापर फोडायला डोकं समोरच होतं.

मी पाच दिवस हॉस्पिटलात राहिले. परत आले तर इंजिन टेबलावर उभं, धाकटी शेजारी, चेहऱ्यावर मावत नाही एवढं हसू. "ताई, आता कितीही पडू दे, सुटणार नाही. एकेक ठोकळा गोंदाने पक्का केलाय, वळणावरून पाडूनही बघितलंय."

मी काय बोलले ते लिहायची लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणतात. मी म्हटलं, "तुझ्या हाताला यशच नाही. लहानपणापासून नाही." तिने पिशवी भरली आणि ती गेली. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही. लग्नाकार्यात शेजारी बसलो तरी "तिला म्हणावं जरा सरक" असा निरोप ह्यांच्यामार्फत. तो बिचारा माणूस दोघींच्या मधे बसून पोस्टमन झाला.

गेल्या महिन्यात मी तसाच लांब सांगाडा पुन्हा केला. वळणावर इंजिन धाडकन खाली. खोलीत मी एकटी. हे बाहेर गेलेले, खिडकी बंद, घरात मांजरसुद्धा नाही. आता कोणाला बोल लावणार? इंजिन उताणं केलं तर मधल्या दोन जोड्यांच्या कडांवर ओरखडे. सांगाडा सरळ, रूळ वाकलेला. मधली चाकं रुळाबरोबर बाजूला सरकू शकत नाहीत, मग त्यांची कड रुळावर चढते आणि सगळं इंजिन उचलते. मधल्या चाकांना कड द्यायचीच नसते. मंडळात नव्याने आलेल्यालाही हे कळतं. मला कळलं नाही, कारण मला विचारायची सवय नाही.

मग स्टुलावर चढून, गुडघ्याला शिव्या देत, वरच्या फळीवरून काळं इंजिन काढलं. भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं मी त्याला. तेच ओरखडे, त्याच जागी. गोंद नसता तर मी ते कधीच सुटं करून खणांत टाकलं असतं आणि पुरावा गेला असता. आणखी एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा दिसली. तेराशेपैकी एकही ठोकळा चुकलेला नव्हता. फरशीवर पडलेला ढीग गोळा करून, माझी वीस पानं वाचून, कोणी न शिकवता, तिने पाच दिवसांत ते जसंच्या तसं उभं केलं होतं. माझी चूकसुद्धा जशीच्या तशी. मला सात महिने लागले होते.

तेव्हा काळं इंजिन माझ्यामागे माझ्या धाकट्या बहिणीला द्यावं, आणि हे कलम तिला वाचून दाखवावं. चूक माझी होती. हात तिचे चांगले होते.

कलम ८. वकीलबाई म्हणतात हे कलम मृत्युपत्रात बसत नाही. कागद माझा, शाई माझी.

आज दुपारी सह्यांसाठी बसलो. पहिले साक्षीदार कुलूपवाले वेळेवर आले. दुसरे यायचे होते त्यांची स्कूटर पंक्चर. हे म्हणाले, "थांबा, मी दूध घेऊन येतो," आणि तासाभराने परत आले ते धाकटीला घेऊन. दूध नाहीच.

"भावजींनी सांगितलं तुला साक्षीदार हवाय," ती दारातूनच म्हणाली. नऊ वर्षांत मला उद्देशून पहिलं वाक्य. केस सगळे पांढरे झालेत तिचे.

वकीलबाईंनी मधेच हात वर केला. "ज्यांना यातून काही मिळतंय त्यांनी साक्षीदार होऊ नये. सही केली तर त्यांचं मिळणं रद्द होईल."

"मला काय मिळतंय?" धाकटी म्हणाली.

मी कलम सात तिच्यापुढे सरकवलं. तिने चष्मा लावला आणि वाचलं, शिक्षिकेसारखं, ओळीखाली बोट धरून. कुलूपवाले छताकडे बघत होते.

"म्हणजे ताई, चूक तुझ्या चाकांची होती?"

"हो."

"आणि हे मला तू मेल्यावर कळणार होतं?"

"तसा बेत होता."

"कमाल आहे! अगं, मी आधी गेले असते तर?"

खरं सांगते, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. ती अडुसष्ट, मी एकाहत्तर. मरायचा पहिला नंबरसुद्धा मी स्वतःच्याच नावावर धरून ठेवला होता. मी तिथेच रडले, वकीलबाईंच्या देखत. मग टेबलाला वळसा घालून तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "चुकले मी. माफ कर."

ती म्हणाली, "भित्री कुठली!" आणि तीही रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "इंजिन नको मला. डोक्यावर घेऊन नाचू? मला बांधायचं होतं गं. जन्मभर तू हात लावू नकोस, हात लावू नकोस करत आलीस. ते पाच दिवस तू घरात नव्हतीस म्हणून मिळाले. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले पाच दिवस होते."

मी टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूचा पसारा आवरायला घेतला.

सबब, कलम सातमधली इंजिनाची देणगी रद्द. या मृत्युपत्राने धाकटीला काहीही मिळत नाही. माफी तिला हातोहात दिलेली आहे. मोठ्या टेबलाची खिडकीकडची बाजूही आजपासून तिची, आणि वीस पानांची एक प्रत तिने पिशवीत घातलीसुद्धा. तिच्या मते अकराव्या पानावर आणखी एक चूक आहे. ती मी अजून मान्य केलेली नाही.

काळं इंजिन माझ्यामागे मंडळाला द्यावं. हॉलच्या दाराशी ते उताणं ठेवावं, चाकं वर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला मधल्या जोड्या दिसतील. गोंद बघून अध्यक्षांना घेरी आली तर त्यांना पाणी द्यावं.

तसंच नवं इंजिन आम्ही दोघी मिळून बांधायला घेत आहोत. ते वळणावर नीट वळेपर्यंत या मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला मला सवड नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि खोडाखोडीसकट मला तो मंजूर आहे. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: मागची खोली, मोठं टेबल.
तारीख: चौदा, महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारचे साडेचार.

सही: लिहून ठेवणारी.

साक्षीदार पहिले: सही. शेजारी. धंदा: कुलुपं दुरुस्त करणे.

साक्षीदार दुसरी: सही. लिहून ठेवणारीची सख्खी धाकटी बहीण. धंदा: आगगाड्या बांधणे.